नामगेची अंघोळ

दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा ट्रकवाला नामगे पुलापलीकडे अम चोकी नावाच्या म्हातारीच्या घरी अंघोळीला थांबला. घाट चढून कंबर धरली होती. नदीकाठच्या खोपटातल्या लाकडी हौदात तो गळ्यापर्यंत बसला. अंगावरचा घो, तो लांब झगा, बाहेर, म्हातारीच्या बाजूला खुंटीवर. हौदाचं एक टोक भिंतीबाहेर होतं. तिथे ती विस्तवातले लाल दगड चिमट्याने सोडायची. मध्ये भोकांची फळी. चर्र आवाज व्हायचा आणि ऊब पायांकडून वर चढायची.

"कुठला रे तू?" भिंतीपलीकडून अम चोकीने विचारलं.

"त्राशिगांगचा, अम."

"ट्रकवाला म्हणजे थापाड्याच असणार."

"सगळे नसतात."

"माझ्या पोरीला, ल्हादोनला, थिंफूत असाच एक भेटलाय. हॉटेलात स्वयंपाक करते ती. त्याचं नावसुद्धा सांगत नाही मला. सापडू दे मेला, या दगडांवरच बसवते."

नामगे हनुवटीपर्यंत पाण्यात सरकला; तो ट्रकवाला तोच होता. आपली आई पुलाजवळ राहते, असं ल्हादोन म्हणाली होती. पण या रस्त्यावर पूल काय थोडे होते? पाणी आता चटके देत होतं. पुरे म्हणावं, तर म्हातारी आत डोकावून त्याचा उतरलेला चेहरा बघेल. उठावं, तर कपडे तिच्यापाशी.

"अजून एक दगड सोडू?"

"नको, अम."

तेवढ्यात घोच्या खोळीत फोन वाजला. वाजत राहिला.

"थांब, देते," म्हातारी म्हणाली आणि तिने फोन काढून डोळ्यांपाशी धरला. पडद्यावर ल्हादोनचा फोटो झळकत होता.

फळीवरून फोन आत आला. "घे. मोठ्याने बोल. मी ऐकतेय."

"पोचलास का?" ल्हादोनने विचारलं.

"तुझ्या आईकडे आहे," नामगे कसाबसा म्हणाला. "हौदात."

ल्हादोन हळूच म्हणाली, "खरं तेच सांग तिला. खोटं लगेच ओळखते ती."

मग म्हातारी विचारत गेली. आई-बाप कोण, दारू किती पितोस, माझ्या घरी राहायला येशील की पोरीला दूर नेशील. नामगे एकेक उत्तर देत राहिला. शेवटच्या प्रश्नावर म्हणाला,

"माहीत नाही, अम. तिलाच विचारलं नाही अजून."

पाणी निवत चाललं होतं. म्हातारीने आणखी दगड सोडला नाही.

"निदान थाप नाही मारलीस," ती म्हणाली आणि घो दारावर टाकला. "ये बाहेर. भात झालाय. रस्ता काही उद्याही मोकळा होत नाही."