आठवा गेटपास

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर माझा सत्कार होणार, हे एचआरच्या सुनीती मॅडमनी मला आठवडाभर आधी सांगितलं.

"हिरामणकाका, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ड्युटी सांभाळून दहावी पास होणं काय साधं आहे का? पाच मिनिटं बोला. तुम्ही मन कसं टिकवलंत ते आपल्या लोकांना कळू दे." त्यांनी एका कागदावर मुद्दे लिहून दिले. जिद्द, वेळेचं नियोजन, घरच्यांचा पाठिंबा.

"शाल कोण घालणार?" मी विचारलं.

"प्रितेश सर."

मी हो म्हणालो. दोन वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो.

आमचं गोडाउन दापोड्याला आहे. मी तिथं फोर्कलिफ्ट चालवतो. माझी बायको काशी तिथंच पॅकिंगला होती, सहा वर्षं. अंजूरहून आम्ही एकाच रिक्षानं यायचो. प्रितेश आमचा फ्लोअर मॅनेजर. गोडाउन ज्या जमिनीवर उभं आहे ती त्याच्या बापाची, म्हणून खुर्ची त्याच्याकडे. वय चौतीस. सगळे त्याला भाऊ म्हणतात, साठीला आलेलेसुद्धा.

काशीची शाळा आठवीत सुटली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावी. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "भाविकाच्या सासरी सगळ्या शिकलेल्या हायत. त्या काय बोलत न्हायत. पण मीच गप बसते तिथं." भाविका आमची मुलगी, टेमघरला दिली आहे.

काशी जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवायची आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं गणितं सोडवायची. पुठ्ठा भरला की त्याचंच खोकं करून टेप मारायची. तिची समीकरणं कुठं कुठं गेली असतील, नागपूर, इंदूर, कोणाला माहीत.

मार्चमध्ये पहिले पेपर तिनं सुट्ट्या बदलून दिले. बीजगणिताच्या दिवशी मोठा माल निघायचा होता, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. मग तिनं गेटपास लिहिला. शिफ्टमध्ये बाहेर जायचं तर आमच्याकडे गेटपास लागतो. नाव, विभाग, वेळ, कारण आणि खाली मॅनेजरची सही. सकाळी आत येताना फोन आणि पिशवी गेटवर जमा करायची. पास दाखवल्याशिवाय वॉचमन पिशवी परत देत नाही. काशीचं हॉल तिकीट पिशवीत होतं.

प्रितेशनं पास वाचला आणि पॅकिंगच्या टेबलाजवळ उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "काकी, गणित शिकून काय करशील? खोकी मोजता येतात ना तुला?"

टेबलावरच्या बाया हसल्या. भीतीनं हसल्या, पण हसल्या. त्यानं पास तसाच परत दिला. सहीची जागा कोरी.

काशी तरी गेटवर गेली. वॉचमनशी बोलली, हात जोडले. मग नुसती उभी राहिली. अकराला पेपर सुरू झाला. साडेअकरापर्यंत ती तिथं होती, मग परत आली आणि टेप हातात घेतली.

हे सगळं मी पाहिलं. मी डॉकवर, माल चढवायच्या ओट्यापाशी, फोर्कलिफ्टवर बसलो होतो. डॉकपासून गेट साठ पावलं आहे. मी उतरलो नाही. तेवढ्या वेळात मी मालाचे अकरा लाकडी पॅलेट गाडीत चढवले.

संध्याकाळी रिक्षात ती म्हणाली, "तू बघत व्हतास ना?"

"गाडीवर व्हतो," मी म्हणालो.

अंजूर आल्यावर उतरताना ती म्हणाली, "जुलैला परत असते परीक्षा. तवा बसेन."

बाकी सगळ्या विषयांत ती पास झाली, गणित राहिलं. जुलैचा फॉर्म भरला. जूनमध्ये ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली.

ताप प्रितेशनं आणला नाही, एवढं मला कळतं. डॉक्टरांनी करायचं ते केलं. पण तिचा पेपर त्यानं घेतला. ती दहावी नापास म्हणून गेली, त्यात त्याचा हात आहे. माझाही आहे. माझं मी नंतर बघणार होतो. आधी त्याचं.

तेराव्यानंतर तिच्या बीजगणिताच्या पुस्तकात तो गेटपास सापडला. खूण म्हणून घातला होता, वर्गसमीकरणांच्या धड्यात. त्याच ऑगस्टमध्ये मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी सातवी पास. ठरवलं की मी दहावी होईन, मग सगळे मला विचारतील कसं केलंस, आणि मी सगळ्यांसमोर सांगेन. आणि तो पास त्याच्यापुढं धरून म्हणेन, कर सही.

जेवणाच्या वेळी फोर्कलिफ्ट चार्जिंगला लागते. चार्जिंग पॉइंटपाशी पॅलेट उलटा टाकून मी बसायचो, एका हातात भाकरी, एका हातात पुस्तक. रविवारी टेमघरला भाविकाकडे जायचो. ती म्हणायची, "बाबा, एक्सची किंमत काढायची हाय. त्याला शिव्या न्हाय द्यायच्या."

लोक विचारायचे, कंटाळा येत नाही का? यायचा. शिफ्ट करून आलं की पाठ दुखायची, पानावरची अक्षरं हलायची. कितीतरी वेळा पुस्तक मिटलं. मग पास काढून ती कोरी जागा बघायचो आणि पुस्तक उघडायचो. शिवाय प्रितेश होताच. रोज सकाळी डॉकवर यायचा. "काय काका, अजून शाळेतच का?" त्याला वाटायचं तो चेष्टा करतोय. मी त्याचं तोंड बघून घ्यायचो, दिवसभर पुरायचं.

गणितात तीनदा आपटलो. तेवीस, एकोणतीस, पुन्हा एकोणतीस. तिसऱ्या वेळी प्रितेश सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, सोड आता. डोक्याची बॅटरी उतरली तुझ्या." त्या दिवशी सुट्टी झाल्यावर घरी न जाता शाळेत गेलो आणि पुन्हा फॉर्म भरला. चौथ्यांदा एकेचाळीस मिळाले.

तर पंधरा ऑगस्ट.

पॅलेट जोडून त्यावर सतरंजी टाकली होती. प्रितेशनं शाल घातली, नारळ दिला. मी माइकपाशी गेलो. सुनीती मॅडमचा कागद खिशातच ठेवला.

"मॅडम विचारतात मन कसं टिकवलं," मी म्हणालो. "मन न्हाय टिकलं. राग टिकला. माझी बायको इथं पॅकिंगला व्हती. हा तिचा पास हाय. प्रितेशभाऊ, ह्याच्यावर तुमची सही राहिली हाय. आज करा."

हा क्षण मी मनात हजारदा पाहिला होता. त्याचा चेहरा पडतो, सगळे गप्प होतात, तो खाली बघतो.

प्रितेश हसला. "अरे काका, एवढंच? आण." खिशातलं पेन काढलं आणि न वाचता सही ठोकली. मग पासचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि फोटोसाठी उभा राहिला. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या.

"कारण वाचा," मी म्हणालो.

"बीजगणिताचा पेपर," त्यानं वाचलं. "कधीचा हाय हा?"

"काशीचा. तुम्ही सही केली न्हाय तिला."

"काशीकाकी? काय बोलतोस काका!" मग त्यानं माइक स्वतःकडे ओढला. "ऐका सगळ्यांनी. शिक्षणासाठी कोणी पास मागितला तर मी कधी न्हाय म्हणत न्हाय. कधीच न्हाय." पुन्हा टाळ्या.

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. त्याला खरंच आठवत नव्हतं. रोज दहा पास येतात त्याच्याकडे. मी दोन वर्षं जो दिवस घेऊन जगलो, तो दिवस त्याच्याजवळ नव्हताच.

कार्यक्रम संपल्यावर शाल फोर्कलिफ्टच्या सीटवर टाकली आणि चार्जिंग पॉइंटपाशी जाऊन बसलो. आता काय, ते कळेना. तिथं गोदू आली. गोदू पॅकिंगला काशीच्या शेजारी उभी राहायची.

"हिरामणदादा, तो माइकवर काय बोलला ऐकलंस ना?"

"ऐकलं. उपकार केले त्यानं."

"तसं न्हाय रे. माइकवर बोलला तो. शंभर माणसांसमोर. माझा फॉर्म भर."

"तुझा?" मी विचारलं.

"त्या दिवशी मी पण हसले व्हते," ती म्हणाली. "काशीनं कधी बोलून न्हाय दाखवलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तू भर फॉर्म. मी अजून कोणाला तरी आणते."

तिनं सहा जणी आणल्या. ती धरून सात. पॅकिंगच्या टेबलावर एकूण बाया आठ.

सुनीती मॅडमना वाटलं मी समाजकार्य करतोय. मी काही भलेपणानं शिकवत नव्हतो. मला एवढंच दिसत होतं की मार्चमध्ये, माल निघायच्या ऐन गर्दीत, एका सकाळी ते टेबल रिकामं होणार. रोज जेवणाच्या सुट्टीत सात जणी पॅलेटवर बसायच्या आणि मी पुठ्ठ्यावर समीकरणं मांडायचो. डिसेंबरात दोघी म्हणाल्या, दादा, जमत न्हाय, घर हाय, पोरं हायत, ड्युटी हाय. मी म्हणालो, "पास व्हायचं ते नंतर बघू. पहिलं त्या दिवशी गेटच्या बाहेर जायचं हाय. तेवढं जमेल का?" तेवढं जमेल म्हणाल्या. मग बसल्या.

मार्चमधल्या त्या सकाळी प्रितेशच्या टेबलावर सात गेटपास गेले. कारण एकच, सात हस्ताक्षरांत. बाहेर चार गाड्या लागल्या होत्या.

प्रितेश पास हातात घेऊन डॉकवर आला. "सात? एकाच टायमाला? काका, हे तू केलंस. लाइन कोण चालवणार?"

सुनीती मॅडम तिथंच होत्या. त्यांच्यामागं नोटीस बोर्डावर पंधरा ऑगस्टचा फोटो होता, त्याचा नि माझा, मधे पास. खाली त्याचं वाक्य मॅडमनी छापून लावलं होतं.

मी फोर्कलिफ्टवरूनच म्हणालो, "भाऊ, खोकी मोजता येतात ना तुला?"

मागून गोदू हसली. मग बाकीच्या हसल्या. या वेळी भीतीनं नाही. त्यानं तिथंच, फोर्कलिफ्टच्या बॉनेटवर ठेवून, सातही पासांवर सह्या केल्या.

बाया गेटकडे निघाल्या. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि खाली उतरलो. साठ पावलं चालून गेलो. सातांच्या खाली माझ्याजवळचा पास ठेवला.

वॉचमननं मोजले. "काका, पास आठ हैं, औरतें सात."

"साइन है क्या सब पे?"

"साइन तो है."

"फिर लिखो."

तो फक्त सही बघतो. त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं, पॅकिंग, बाहेर आठ. पिशव्या सात दिल्या.

अकरा ते एक प्रितेश टेबलाशी उभा होता. उरलेली एक बाई आणि तो. टेप त्याच्या बोटांना चिकटत होती. मी एकामागून एक पॅलेट आणून त्याच्या पुढ्यात ठेवत होतो. एरवी मी सावकाश आणतो. त्या दिवशी नाही.

दीड वाजता बाया परत आल्या. साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा रजिस्टर जुळेना. बाहेर आठ, परत सात. असं झालं की मॅनेजरला स्वतः येऊन लिहावं लागतं, कोण परत आलं नाही आणि का. तोवर तो घरी जाऊ शकत नाही. मी गेटपाशी थांबलो. अंजूरची रिक्षा भरली होती, तिला जा म्हणालो.

प्रितेशनं खिळ्यावरचे पास काढून एकेक बघितले. शेवटचा उलटसुलट करून पाहिला. पिवळा पडलेला कागद, खाली त्याची सही.

"काका," तो म्हणाला, "हे काय हाय?"

"तुझीच सही हाय. लिही."

"काय लिहू?"

"नाव लिही पहिलं."

त्यानं लिहिलं, काशी हिरामण तरे. विभाग, पॅकिंग. पुढं कारणाचा रकाना होता. तिथं पेन थांबलं. वॉचमन इकडंतिकडं बघायला लागला.

"मी हसत बोललो असेन तवा," प्रितेश हळू म्हणाला. "खोकी... मीच बोललो व्हतो ना ते?"

मी रकान्यावर बोट ठेवलं. त्याला सोपं करायचं नव्हतं मला.

"काय लिहू, सांग ना काका."

"वेळेवर सही मिळाली न्हाय, असं लिही."

त्यानं लिहिलं. खाली सही केली. मला त्याचा कळवळा आला नाही, आणि मी तसं सोंगही केलं नाही.

त्या नोंदीखाली आणखी एक सही लागते, साक्षीदाराची. वॉचमन पेन घ्यायला पुढं झाला. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि ती सही मी केली. काशी इथं उभी होती तेव्हा मी बघत होतो.