किल्ली फिरवू नका

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि एकदा बुडून मेलेलो आहे. माझा मूळ रंग कोणता, हे आता फक्त माझ्या मालकाला सांगता येईल. माझ्या बॉनेटवर, दिव्यांच्या वरच्या बाजूला, गाळाची एक आडवी रेघ आहे. ती किती घासली तरी जात नाही. पाणी तिथवर चढलं होतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कोणी चाकं बसवली, कोणी रंग मारला. शेवटी एका बाईने मला पहिल्यांदा सुरू केलं, मान तिरकी करून माझा आवाज ऐकला आणि बॉनेटवर खडूने बरोबरची खूण केली. रांगेत माझ्या मागे उभा असलेला ट्रॅक्टरही त्याच दिवशी पास झाला. आम्ही एकाच ट्रकवर चढलो, एकाच गावात उतरलो आणि योगायोगाने शेजारीशेजारीच राहायला गेलो. त्याला मी माझा पाठचा भाऊ मानायचो. त्याचा मालक ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत.

आम्ही दोघांनी खूप कामं केली. नांगरणी, पेरणी, विटांच्या आणि वाळूच्या खेपा. चिखलात रुतलेल्या मोटारी आम्ही ओढून काढल्या, आणि तेव्हा लोक माझ्या मडगार्डवर थाप मारून म्हणायचे, "हा आहे म्हणून निभावतंय." मग नवे, चकचकीत ट्रॅक्टर आले. मला पत्र्याखाली उभं केलं गेलं. कोंबड्या माझ्या सीटवर बिनदिक्कत अंडी घालू लागल्या. मी मनाला लावून घेतलं नाही. कधीमधी मालकाची धाकटी लेक स्टिअरिंग धरून तोंडाने आवाज काढायची, तेवढ्यावर माझं भागत होतं.

मग नदी घरात आली. भर दुपारी आली. मालकाने जनावरं सोडली, म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं, बायको-लेकीला माळ्यावर चढवलं. जाता जाता त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वर कुठे न्यायचं?

पाणी आधी चाकांना लागलं, मग गिअरबॉक्समध्ये शिरलं. सायलेन्सरमधून आणि हवेच्या गाळणीतून ते थेट माझ्या इंजिनात उतरलं. मित्रांनो, ज्या जागी मी श्वास घ्यायचो, तिथे गाळ बसला.

पाणी ओसरलं तेव्हा खरी दैना सुरू झाली. पूल वाहून गेला होता, विजेचे खांब आडवे झाले होते. गावाला पाणी देणारी एकच विहीर, ती काठोकाठ गढूळ भरलेली, आणि त्यात मेलेली जनावरं. जळण भिजलेलं, मग पाणी उकळणार कशावर? लोक तेच पाणी फडक्याने गाळून प्यायले आणि घराघरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. मालकाची लेकही अंथरुणाला खिळली.

विहीर उपसायची तर मोठा पंप हवा, आणि तो पंप फिरवायला ट्रॅक्टर हवा. गावातले सगळे ट्रॅक्टर बुडालेले. लोकांना धीर कुठला? जो तो आपल्या ट्रॅक्टरकडे धावला आणि त्याने किल्ली फिरवली. एकामागून एक ते जायबंदी होत होते आणि मी चिखलात उभा राहून ऐकत होतो.

लांब्यानेही किल्ली फिरवली. माझ्या भावाचा स्टार्टर घुरघुरला, धुराची एक उबळ आली, आणि मग पोटात कोणी घण घालावा तसा आवाज झाला. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं. त्यातून तेल आणि चिखल मिळून खाली ओघळलं. लांब्या तिथेच बसला आणि ते भोक हाताने बुजवू लागला. कोणी त्याला उठवायला गेलं नाही, कारण ज्याला त्याला आपलंच पडलं होतं.

आता मीच उरलो होतो. मालक चढला. त्याने किल्ली भोकात घातली. मला ओरडून सांगायचं होतं, "बाबा रे, माझ्या पोटात पाणी आहे." पण माझ्या कंठातही गाळच होता.

तेवढ्यात गावातले ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री गुडघाभर चिखल तुडवत आला. त्याने हात घालून किल्ली उपसली आणि खिशात टाकली.

"द्या ती इकडे," मालक म्हणाला.

"नाही देणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडा वाकेल आणि हाही जाईल. लांब्याचा बघितलास ना?"

मालकीण दारातून बाहेर आली. तिच्या अंगावर लेकीच्या उलटीचे डाग होते. "पोर डोळे उघडत नाही माझी," ती म्हणाली. "तुमच्या घरात कोणी असं पडलं असतं, तर थांबला असता का हो?"

"माझी बायको पडली आहे," मिस्त्री म्हणाला. "सकाळपासून तिच्या बोलण्यात ताळमेळ नाही. म्हणून तर थांबा म्हणतोय. हा एकच राहिलाय, वहिनी."

मग मालक माझ्यावरून खाली उतरला. मिस्त्रीने आधी बॅटरीच्या तारा सोडवल्या. खालचे बोल्ट काढले तसं काळं तेल नव्हे, दुधाळ पाणी बदबदा वाहिलं. डिझेलची टाकी उपसली. डिझेल फवारणारी नोझल काढून घेतली आणि मालकाला मदतीला घेऊन इंजिन हाताने फिरवलं. नोझलच्या रिकाम्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग त्याने डिझेलने आतडी धुतली. पुन्हा धुतली. मालकीण लेकीजवळ जाऊन यायची आणि नळ्या पुसायला बसायची. प्रत्येक वेळी मालक तिच्या तोंडाकडे बघायचा. विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

सगळं जोडत आणलं आणि माझा स्टार्टर उघडला, तर आत सगळं गंजून, चिकटून गेलेलं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि डोकं माझ्या चाकाला टेकवलं. मला वाटलं, संपलं.

लांब्या कुंपणापलीकडून हे सगळं बघत होता. तो आत गेला, बराच वेळ खुडबूड केली, आणि परत आला तो माझ्या भावाचा स्टार्टर छातीशी धरून.

"घे," तो म्हणाला. "हा फिरतो. साऱ्या गावाने ऐकलंय."

"लांब्या, अरे, तुझं इंजिन पुढेमागे दुरुस्त..." मालक म्हणाला.

"त्यात आता काही राहिलं नाही. तू हात लाव, बोल्ट धर."

मिस्त्रीने आपल्या घरच्या माळ्यावर राखलेलं तेल आणि डिझेल ओतलं, तिथलीच बॅटरी आणून जोडली आणि खिशातली किल्ली मालकाच्या हातावर ठेवली. मालकाने डोळे मिटले. माझ्या भावाचा स्टार्टर माझ्या अंगात घुरघुरला. मी खोकलो, पांढरा धूर ओकलो, पुन्हा खोकलो, आणि लागलो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी थोडा वेळ चालवून तेल पुन्हा बदललं आणि मला विहिरीवर नेलं. मी पंप फिरवत राहिलो. तळ लागला, लोकांनी आत उतरून गाळ काढला, आणि खडकातून नितळ झरा फुटला. मालकाची लेक वाचली. अजून अशक्त आहे, पण स्टिअरिंग धरते. मिस्त्रीची बायको मात्र आम्ही तळ गाठण्याआधीच गेली. बातमी आली तेव्हा तो पंपाजवळच होता. तो उठला, मला बंद करू नका म्हणाला, आणि घरी गेला.

मित्रांनो, पाण्यातून निघालेल्या यंत्राला लगेच जागं करू नका. त्याला उघडा, रिकामं करा, धुवा, वाळवा. जीव कासावीस झाला तरी तेवढा दम धरा. मोडल्यावर हळहळून उपयोग नसतो.

माझ्या भावाला भंगाराच्या गाडीने नेलं. रोज सकाळी मालक किल्ली फिरवतो आणि तो स्टार्टर घुरघुरतो. तेव्हा कुंपणापलीकडे लांब्या हातातलं काम थांबवतो आणि माझं इंजिन लागेपर्यंत ऐकत उभा राहतो.