पडवीत ठेवलेली स्टेपनी

मित्रांनो, गाडीला चाकं किती असं कुणी विचारलं तर तुम्ही चटकन चार म्हणाल. मी ते पाचवं. डिकीत, चटईखाली, अंधारात आडवं पडून राहणारं. मला स्टेपनी म्हणतात. आता मी जुनी झाले आहे, रबराला बारीक भेगा गेल्या आहेत, पण जे सांगायचं आहे ते विसरलेले नाही.

माझा जन्म १९९८ सालचा. कारखान्यात काळं रबर तारांच्या जाळीवर चढवून साच्यात तापवलं, तेव्हा मला हा गोल आकार मिळाला. त्याच वर्षी एका पांढऱ्या गाडीसोबत मी रत्नागिरीला आले. गाडी रमजानभाईंची. तरुणपणी ते बोटीवर होते, मग समुद्र सोडून त्यांनी ही गाडी भाड्यानं फिरवायला घेतली. कुणाला दवाखान्यात ने, कुणाचं लग्नाचं वऱ्हाड पोचव, कुणाला गणपतीपुळ्याला दर्शनाला ने, असं चालायचं.

त्यांचा एक नेम होता. शुक्रवारी नमाजेला जाण्याआधी ते डिकी उघडत, चटई बाजूला करत आणि अंगठ्यानं मला दाबून बघत. हवा कमी वाटली तर त्याच दिवशी भरून आणत. फरीदाभाभी, म्हणजे त्यांची बायको, दारातून म्हणायची, “माझी तब्येत कधी इतक्या प्रेमानं विचारली नाहीत.” ते हसायचे नि डिकी लावायचे.

मला काम क्वचितच पडे. पण एकदाची गोष्ट सांगते. शेजारच्या गंगाकाकूंना पहाटे गणपतीपुळ्याला नेत असताना उतारावर मागच्या चाकात खिळा घुसला. रमजानभाईंनी मला बाहेर काढलं, जॅक लावला, आणि काकूंचं पान खाऊन होईपर्यंत मी रस्त्यावर धावायला तयार होते. काकूंनी पूजेच्या ताटातलं हळदकुंकू मला लावलं.

“काकू, आता हिला नैवेद्य पण दाखवा,” रमजानभाई म्हणाले.

“दाखवीन की. तुझ्यापेक्षा तीच कामाची.”

देवळासमोर पोचेपर्यंत कुंकू धुळीनं पुसून गेलं. पण त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे झाला नाही.

मग एका मे महिन्यात त्यांचा मुलगा झुबेर मस्कतहून सुट्टीवर आला. त्यानं बापासाठी तीन डबे आणि हातात मावेल एवढा पंप आणला होता. डब्यात पांढरा फेस. पंक्चर झालं की तो फेस चाकात सोडायचा, पंप गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात जोडून हवा भरायची, की गाडी चालू. तिकडे कितीतरी नव्या गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत, असं तो म्हणाला. रमजानभाईंना पटेना, तेव्हा त्यानं अंगणातच एका चाकाला खिळा मारून दाखवला. फेस आत गेला, भोक बुजलं, चाक टणक झालं. सगळ्या वाडीनं पाहिलं.

खोटं कशाला बोलू? डबा चांगलाच होता. मलाही त्याचा हेवा वाटला.

आंब्याचे दिवस होते. गिऱ्हाइकांच्या पेट्या डिकीत मावत नव्हत्या. झुबेर म्हणाला, हिची जागा रिकामी केली तर आणखी पेट्या बसतील. मग मला काढून पडवीत लाकडांच्या शेजारी ठेवलं. सुरुवातीला रमजानभाई शुक्रवारी तिथेही येऊन मला दाबून बघत. पुढे कधी बघत, कधी राहून जाई. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. पोरं मला अंगणातून गडगडवत नेत आणि तिथेच टाकून जात.

पुढच्या मे महिन्यात झुबेर पुन्हा सुट्टीवर आला. एका सकाळी दहाच्या सुमारास हर्णेहून फोन आला. फरीदाभाभीची आई गेली. भाभीचा धाकटा भाऊ अद्नान सांगत होता की उन्हाळ्याचे दिवस, मय्यत फार वेळ ठेवता येणार नाही. दुपारऐवजी असरच्या नमाजेपर्यंत, म्हणजे ऊन कलेपर्यंत, तुझ्यासाठी थांबतो. त्यापुढे नाही.

रत्नागिरीहून हर्णे म्हणजे चिपळूण, खेड, दापोली करत चांगला चार-पाच तासांचा रस्ता. निघाले तर पोचत होते. भाभी डोक्यावर ओढणी घेऊन गाडीत बसलीसुद्धा. रमजानभाई गाडीकडे जाता जाता पडवीत थांबले. त्यांनी मला अंगठ्यानं दाबलं. मी टणक होते. त्यांनी मला उचललं आणि डिकी उघडली. डिकी आदल्या संध्याकाळी भरलेल्या आंब्याच्या पेट्यांनी गच्च होती.

“डबा आहे ना, अब्बा,” झुबेर म्हणाला.

रमजानभाई तरी एक पेटी उतरवायला वाकले. तेव्हा भाभी आतून म्हणाली, “राहू दे हो ती. उतरवाउतरवी करत बसलात तर आईचं तोंड दिसायचं नाय मला.”

त्यांनी मला पायरीपाशी टेकवलं. गाडी गेली.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. तिसऱ्या दिवशी मंडळी परतल्यावर गंगाकाकू भेटायला आल्या. भाभी पायरीवर माझ्या शेजारीच बसली होती. ती काकूंना सांगत होती. खेड सोडून दापोलीच्या रस्त्याला लागल्यावर वळणावर समोरून एसटी आली. रमजानभाईंनी गाडी कडेला घेतली, आणि कडेच्या जांभ्या दगडानं चाकाची बाजू फाडली. चांगली बोटभर. झुबेरनं फेस सोडला. तो त्या चिरेतून बाहेर आला आणि रस्त्यावर वाहून गेला. डबा खिळ्याचं भोक बुजवतो, फाटलेली बाजू शिवत नाही. दुसरा डबा सोडला, त्याचंही तेच. मग झुबेर एका ट्रकनं चाक आणायला खेडला गेला. लग्नसराईच्या गाड्या भरून जात होत्या, कुणी थांबेना. शेवटी मासळी पोचवून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या टेम्पोवाल्यानं भाभीला पुढे बसवून घेतलं.

ती हर्णेला उतरली तेव्हा पुरुष मंडळी माती देऊन परतत होती. अद्नानच्या हाताची माती अजून धुतलेली नव्हती. तो एवढंच म्हणाला, “थांबलो होतो गो, आपा.”

झुबेर खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघून काकू काही बोलणार, तोच भाभी म्हणाली, “त्याला नको बोलू, काकू. राहू दे, असं मीच म्हटलं.”

संध्याकाळी रमजानभाईंनी डिकी रिकामी केली, मला फडक्यानं पुसलं आणि माझ्या जुन्या जागी ठेवलं.

चाळिसाव्याच्या फातेह्याला, म्हणजे भाभीच्या आईसाठी चाळिसाव्या दिवशी करायच्या प्रार्थनेला, आम्ही हर्णेला निघालो. मीही होते. रस्ता ओला होता, खड्डे होते, त्याच वळणावर समोरून एसटीही आली. पण काहीच झालं नाही. ना खिळा, ना दगड. दुपार व्हायच्या आत गाडी त्या घरापुढे उभी राहिली. इतक्या वेळेवर आम्ही तिथे कधीच पोचलो नव्हतो. एरवी गाडीचा आवाज ऐकला की म्हातारी दारात येऊन उशिराबद्दल लेकीला दटावायची. त्या दिवशी दार उघडंच होतं. भाभी बराच वेळ गाडीतून उतरली नाही.

मित्रांनो, नव्या वस्तू जरूर आणा. त्याही कामाच्या असतात. पण जुनीला खाली उतरवण्याआधी ती कोणत्या वेळेसाठी ठेवलेली होती, हे एकदा आठवा. माझी गरज पडायची वेळ कोणावर कधी येऊ नये, अशीच माझी रोजची प्रार्थना आहे. मला वापरू नका, जन्मभर अंधारात पडून राहीन. फक्त सोबत न्या.