पायरीवरची आत्या

“पोरींची नावं काढ, मग लाव तुझी साइट,” राजवर्धन फोनवर म्हणाला. “देवळातल्या वंशावळीत कधी पोरी आल्यात का?”

“न्हाय आल्या, म्हणूनच घातल्यात,” स्वरूपा म्हणाली. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून तिचं टायपिंग चालूच होतं.

राजवर्धन तिचा चुलतभाऊ. भावकीचं जत्रेतलं जेवण त्याच्याच हुकमानं शिजायचं. स्वरूपा वालचंदनगरात कॉम्प्युटर क्लासला शिकवायची आणि तिथंच क्वार्टरमध्ये राहायची. लोणी भापकर तिचं माहेर. लॉकडाऊनमध्ये तिनं भावकीच्या वंशावळीची साइट करायला घेतली आणि पुढं वर्षानुवर्षं नुसते रंग बदलत बसली. ‘झाली का गं साइट?’ हा जत्रेतला ठरलेला विनोद होऊन गेला. यंदा तिचं डोकं फिरलं. कुणी मागितलं नसताना तिनं ग्रुपवर टाकलं की येत्या रविवारी, जत्रेच्या जेवणाआधी साइट चालू होणार. हातात उणापुरा आठवडा होता.

“पोरी लगीन करून जात्यात, ताई. त्यांचं नाव तिकडच्या झाडाला.”

“आपली आत्या तिकडं बी न्हाय आन् हिकडं बी न्हाय. मग ती काय बांधावर उगावली?”

मोबाइल धरला की साइट उघडेल असा कोड फ्लेक्सवर छापून राजवर्धन देवळात लावणार होता.

“मग फ्लेक्स लागणार न्हाय,” तो म्हणाला.

“नगं लावू.” तिनं फोन ठेवला.

आत्या जत्रेला सोबत जायचं म्हणून सासरहून, डाळजहून, क्वार्टरवर आली होती. ऐंशीच्या घरातली बाई, भिंतीला टेकून शेंगा फोडत सगळं ऐकत होती. अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट होते.

शनिवारी संध्याकाळपर्यंत हिरवा रंग काही मनासारखा येईना. एरवी त्यापायी स्वरूपानं आणखी एक वर्ष घालवलं असतं. “मरू दे,” म्हणून तिनं लॅपटॉप आत्यापुढं ठेवला.

“आधी तुझं नाव कुठं हाय ते दाव,” आत्या म्हणाली.

स्वरूपानं वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि ती थबकली. खाली एकटा अविराज, तिचा भाऊ. भावकीतल्या लेकी विचारून विचारून घातल्या होत्या आणि स्वतःलाच घालायची राहिली होती. तिला स्वतःचाच असा संताप आला की हसू फुटलं. तिनं आपलं नाव अविराजच्या आधी घातलं, कारण थोरली तीच होती.

“आत्या, तुझं सासरचं नाव लिहू? प्रयागबाई. बरं दिसंल.”

ते नाव लग्नात बदललेलं. त्याआधीचं नाव, पुन्हा मुलगीच झाली म्हणून आजोबांनी ठेवलेलं.

“न्हाय. नकोशीच लिव्ह,” आत्या म्हणाली. “मी न्हाय ठिवलेलं ते. ज्यांनी ठिवलं, त्यांच्या नावाखाली दिसू दे.”

स्वरूपानं तसंच लिहिलं आणि साइट चालू केली.

रविवारी लोणी भापकरच्या देवळात फ्लेक्स नव्हता. स्वरूपानं कोडचा कागद पुठ्ठ्याला चिकटवून आणला. तो भिंतीला लावायला गेली तर राजवर्धन आडवा आला. आत्यानं तिच्या हातातून पुठ्ठा घेतला, देवळाच्या खालच्या पायरीवर बसली आणि तो मांडीवर ठेवला.

“मला कोण उठिवतंय बघू,” ती म्हणाली. भावकीत आता तीच सगळ्यात वडील होती. कुणी उठवलं नाही.

पुरुषांची पहिली पंगत उठली. हात धुऊन माणसं मोबाइल काढत पायरीशी येऊ लागली. पुठ्ठा मांडीवर, त्यामुळं कोड घ्यायला प्रत्येकाला वाकावं लागत होतं. राजवर्धन लांब उभा होता. बायका अजून जेवायच्या थांबल्या होत्या. त्यांच्यातून त्याची बहीण राजलक्ष्मी म्हणाली, “दादा, माझं नाव हाय का बघ की.”

तो आला. वाकला. मोबाइलवर बराच वेळ बोट फिरवत राहिला.

“घावली का रं नकोशी?” आत्यानं विचारलं.

“व्हय, आत्या,” तो म्हणाला. तो अजून वाकलेलाच होता.