झाडाकडून तिसरा

मी लष्करी दफनभूमीतला एक दगड बोलतोय. बोलावं की नाही, या विचारात तीस वर्षं गेली. दगड उभा करतात तो त्याने जबानी बदलू नये म्हणून. माझी जबानी खोटी आहे, एवढंच सांगायचंय. तेही नीट जमेल की नाही, शंकाच आहे.

घडवणाऱ्याने माझ्यावर एका शिपायाचं नाव, पलटण आणि वय कोरलं. वय एकोणीस. नऊ कोरताना त्याची छिन्नी निसटली, म्हणून त्या नऊची शेपटी जरा लांब आहे. शिपायाची आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने त्या शेपटीवरून बोट फिरवलं. मग दरवर्षी ती आल्या आल्या आधी तेच करायची.

आमची तेवीस जणांची रांग. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला मोठं झाड. मी झाडाकडून तिसरा होतो आणि माझ्या खाली तिचा मुलगा होता.

पंधरा वर्षांनी कोणी बडे पाहुणे येणार म्हणून रांगा सरळ करायचं ठरलं. माळ्याने आमच्या पाठीवर खडूने क्रमांक घातले. मग फाटकाच्या बाजूने एकेकाला उपटून ट्रॉलीत रचलं. मुकादमाला आम्ही मळकट वाटलो. त्याने पाइप लावून आम्हाला धुऊन काढलं, पाठीसकट. ट्रॉलीत जो शेवटी चढतो तो आधी उतरतो. पुन्हा फाटकापासूनच रोवायला घेतलं आणि अख्खी रांग उलटी झाली. मी आता फाटकाकडून तिसरा.

दुसऱ्या दिवशी माळ्याने मला नऊच्या लांब शेपटीवरून ओळखलं आणि तो दफनभूमीच्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी एक डोळा मिटून रांग पाहिली.

"सरळ आहे ना?"

"सरळ आहे साहेब, पण..."

"मग झालं तर. खालचे काही तक्रार करायला येत नाहीत."

त्या वर्षी आई सवयीने झाडापाशी गेली आणि घुटमळली. माझा मुलगा इथे होता ना, असं तिने साहेबांना विचारलं. साहेब अगदी मायेने म्हणाले, वय झालं की होतं असं. तिने त्यांची माफी मागितली.

तेव्हापासून ती माझ्यापाशी रडते. माझ्या खाली पलटणीचा आचारी आहे. तिच्या घरातली सगळी लग्नं, आजारपणं, भांडणं त्याला तोंडपाठ झाली असतील. रडून दमली की ती झाडाच्या सावलीत जायची, तिसऱ्या दगडाला पाठ टेकून डबा खायची आणि पदर झटकायची. त्या दगडावर आचाऱ्याचं नाव आहे. "या बिचाऱ्याचं कोणी येत नाही वाटतं," असं एकदा ती माळ्याला म्हणाली. माळी गवत कापत राहिला.

यंदा ती लेकीचा हात धरून आली. हातात छोटी डबी होती. आता पुन्हा येणं व्हायचं नाही, माळ्याला म्हणाली. पोराची मूठभर माती दे, माझ्याबरोबर जाईल.

माळीही आता म्हातारा झालाय. त्याने खुरपं उचललं आणि तो झाडाकडे चालू लागला.

"अरे, तिकडे कुठे?"

"इकडची माती मऊ आहे, मावशी."

"असू दे मऊ. परक्याची माती मला काय करायचीय? जन्मभर इथलं गवत कापलंस, आणि माझा मुलगा कुठे आहे ते ठाऊक नाही तुला?"

तो तसाच उभा राहिला. आता हा बोलणार, असं मला वाटलं. त्याने बोलावं असं मला वाटत होतं का, ते मात्र आजही सांगता येत नाही. तो परत आला. त्याने माझ्या पायाशी खणलं आणि डबी भरून दिली. तिने झाकण लावलं, डबी गालाला टेकवली आणि लेकीला म्हणाली, "जड लागतोय गं."

मग जायच्या आधी ती सावलीत बसली. नेहमीसारखीच, पाठ टेकून.

तुम्ही इथे मानवंदनेला येता, सहलीला येता. आमची सरळ रांग पाहून तुम्हाला भरून येतं. माझ्यावरचं वाचू नका. दमलात तर झाडाखाली खुशाल बसा. फक्त तिसऱ्या दगडाकडे तोंड करून बसा. तिथे एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याने तीस वर्षं आईची पाठच पाहिली आहे.