सपाट मापाचं मीठ

पहिलेच सांगून ठेवतो, गुणवंतरावाचा मले भयंकर राग आला होता. अन् तरी त्याच्याइतका डोक्याचा माणूस या चांदा जिल्ह्यात मी पाह्यला नाई. दोन्ही गोष्टी खऱ्या हायेत.

मी लटारू. पळसटोल्याच्या बुधवारच्या बाजारात मोहाच्या झाडाखाली वीस वर्षं मीठ विकलं. विकलं म्हणजे बदललं. जंगलातली माणसं चारोळी आणत, मी तेवढंच मीठ देत होतो. एक माप चारोळी, एक माप मीठ. चारोळी महाग अन् मीठ स्वस्त, हे मले मालूम होतं. त्याहिलेही मालूम असंल. पण मीठ काही झाडाले लागत नाई ना बाप्पा!

यंदा उन्हाळा लागला अन् वडसाच्या गुणवंतरावानं बरोबर माझ्यासमोर दुकान टाकलं. त्याचं हे सातवं. रेल्वेच्या कडेकडेनं वडसा, नागभीड, मूल असं करत करत गडी आता जंगलात शिरला. भिंतीवर चित्र काढलं, एक माप चारोळी अन् तिच्यापुढं दोन मापं मीठ. दोन! वाचता नाई आलं तरी समजलं पाहिजे, म्हून चित्र. सातही दुकानांवर तेच चित्र, तोच भाव. घासाघीस नाई, उधार नाई.

घरी येऊन बायकोले म्हटलं, "कमळा, आपलं दुकान बसलं."

"रडतोस कायले?" ती म्हणाली. "तो दोन मापं देते कुठून, ते तर पाहून ये आधी."

म्हून मी वडसाले गेलो. अन् काय सांगू! स्टेशनाच्या बाजूले रेल्वेचा आख्खा डबा उभा, काठोकाठ मिठाचा, अन् तो एकट्या गुणवंतरावाचा. आमचं मीठ येते ते चार व्यापाऱ्यांच्या हातून, अन् जो तो मधात आपला हात मारून घेते. याच्या मिठाले मधात कोणाचा हातच नाई. पुढं वीस बैलगाड्यांची रांग. त्या मीठ घेऊन सात दुकानांवर जातात अन् चारोळी भरून येतात. जाताना रिकामी नाई, येताना रिकामी नाई. फाटक्या गोण्यासुद्धा शिवून धानवाल्याले विकते बेटा. मी तोंडात बोट घालून पाहतच राह्यलो.

गुणवंतराव मिठाच्या गोणीवर बसून चिवडा खात होता. मलेही दिला. म्हणाला, "तू एका मापावर जेवढं कमावतोस ना, त्याच्या चौथाई मी कमावतो. पण तुझं एक माप जाते, तवा माझी शंभर जातात."

"हे मले काऊन सांगून राह्यले?"

"सांगितल्यानं तुझ्याजवळ रेल्वेचा डबा येते का?" अन् खदखदा हसला. राग असा आला म्हणता! पण चिवडा गोड लागला, खोटं कायले बोलू.

आता गंमत ऐका. दुकान उघडून तीन बुधवार झाले, तरी त्याच्याकडं कुत्रं फिरकलं नाई! त्याचा नोकर इसरू माशा मारत बसला. त्याचं असं होतं, की गुणवंतरावाचा नियम कडक. माप भरायचं, वरून पट्टी फिरवायची अन् सपाट करून द्यायचं. सात दुकानांत सात नोकर, कोणाचा हात सैल सुटला तर? पण आमच्या बाजारात माप भरलं की वरून एक मूठ टाकतात. ज्या घराशी बोलणं तुटलं, त्यालेच सपाट माप देतात. सपाट माप म्हणजे भांडण.

सुकरी जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, वीस वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक. तिनं चित्र पाह्यलं, आत गेली, पट्टी फिरताना पाह्यली अन् चारोळी उचलून माझ्याकडं आली. "भाऊ, आमी त्याचं काय वाकडं केलं?" म्हणाली.

मी तिले एकास एक मीठ दिलं, वरून मूठ दिली. तिचा वाळल्या भोपळ्याचा मोठा तुंबा अर्धाच भरला. पाऊस लागला की नदी वाट अडवते, अन् त्या तुंब्यावर आठ माणसांचा पावसाळा निघते. "पोळ्याच्या आधीच आळणी खा लागते," ती हसत बोलली अन् गेली. समोर तिच्यासाठी दुप्पट मीठ पडून होतं, अन् ते सपाट माप भांडणाचं नाई, नियमाचं हाय, हे मले एकट्याले मालूम होतं. त्या दिवशी मले भाकर गोड लागली नाई.

"सांग ना त्याले मुठीचं," कमळा म्हणाली.

"अन् मग आपण काय खावं?"

तिनं माझी उरलेली भाकर झाकून ठेवली.

चौथ्या बुधवारी गुणवंतराव स्वतः आला. रिकामं दुकान पाहून भडकला. "इसरू, तीन मापं दे यायले! चार दे!" असा ओरडला. एवढा हुशार माणूस अन् एवढा येडेपणा! मले सोसवलंच नाई. उठलो अन् बोलून गेलो, "अहो, दहा द्या! भांडणाचं मीठ कोण खाईल?"

सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मूठ केवढी?"

मी हात पुढं केला. त्यानं माझ्या मुठीत मीठ भरलं, ते मापात ओतलं, कुठवर आलं ते बोटानं पाह्यलं अन् सुताराले बोलावणं धाडलं. पुढच्या बुधवारी सातही दुकानांत नवी मापं. एका मुठीनं लहान! अन् वरून मूठ. मीठ तेवढंच, कणभर कमी नाई, कणभर जास्त नाई. जी मूठ मी वीस वर्षं देत आलो, तिचं मोल त्याले एका बोटानं समजलं. हात जोडले बाप्पा मी.

"मूठ टाकायले तूच बस," तो मले म्हणाला. "लोकं तुझा हात ओळखतात." माझं दुकान तर उठलंच होतं. बसलो.

अशी गर्दी पळसटोल्यानं कधी पाह्यली नव्हती. सुकरी तुंबा घरी रिकामा करून आली. मी नव्या मापानं एक माप ओतलं, मूठ टाकली. दुसरं ओतलं, मूठ टाकली. तुंबा भरत आला. तिनं आत पाह्यलं. जुन्या दोन सपाट मापांचं मीठ कुठवर येते, ते तिले डोळे मिटून मालूम. अन् मीठ नेमकं तिथंच आलं होतं.

"शेटची मूठ मापातलीच हाय," ती हळूच म्हणाली. "तुझी कुठी हाय, लटारूभाऊ?"

रेल्वेचा डबा, वीस गाड्या, सात दुकानं, अन् हे या बाईनं एका तुंब्यात पाह्यलं! मले शरमही वाटली अन् नवलही वाटलं. झाडाखाली माझी जुनी गोणी पडली होती, माझ्या मिठाची. ती ओढत आणली, तोंड सोडलं अन् भरल्या मुठीनं दोनदा तिच्या तुंब्यात टाकलं. तुंबा उतू गेला. खाली सांडलेले खडे तिनं वेचून पदरात बांधले.

"भाऊ, हे नियमात नाई!" इसरू ओरडला.

"माझ्या घरचं हाय," म्हटलं. "चूप बस."

मागची सगळी रांग त्या गोणीकडं पाहून राह्यली होती. त्या दिवसापासून सगळ्यायलेच टाकतो, प्रत्येकाले एक मूठ. गोणीत अजून चार बाजार पुरेल एवढं मीठ हाय. पाचव्या बाजाराचं मी सुकरीले काही सांगितलं नाई.