पाठमोरी खुर्ची

तिने पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली आणि सासूबाईंच्या कानांवर हेडफोन बसवले. लाल उजवीकडे, निळा डावीकडे.

“केस विसकटू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आज जरा लवकर आटप. ही मांडीवर झोपलीय, मला हलता येत नाही.”

त्यांची नात, छोटी, खरंच गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. तिच्या डोळ्यांवर खिडकीतलं ऊन येत होतं, म्हणून सासूबाईंनी आज खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. कान तपासायच्या मशीनपुढे बसलेल्या सुनेला त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता.

दवाखान्यात ती कानाच्या तपासणीला मदतनीस होती. स्वतंत्रपणे तपासायचं, तर प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला हवी. दोनदा नाव देऊन तिने मागे घेतलं होतं, आणि या वेळी नाव द्यायची मुदत आज संपत होती. अभ्यास पाठ होता. पण दवाखान्यात प्रत्येक नोंदीआधी तिची नजर वरिष्ठ मॅडमकडे जायची. मॅडमनी मान हलवली तरच पेन कागदाला टेकायचं. “परीक्षेला मी नसणार, बाई,” असं म्हणून मॅडमनीच हे जुनं मशीन सरावासाठी घरी दिलं होतं.

घरी मात्र सगळं सुरळीत व्हायचं. सासूबाईंचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. “आमच्या कानांनी संप केला असता तर अख्खं गाव मुकं झालं असतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि कान निघायचेही तसेच, अगदी विशीतल्या मुलीचे. तिला बरं वाटायचं, आणि रात्री कूस बदलताना वाटायचं, एवढं सोपं असेल तर दवाखान्यात माझं पेन का अडतं?

डावा कान झाला. उजव्याचे जाडे सूर झाले. मग तिने बारीक, उंच पट्टीतला सूर दिला. ऐकू आलं की दाबायचं सासूबाईंच्या हातातलं बटण हललं नाही. तिने आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. नाही.

कपाळावरची बट मागे सारायला तिने मशीनवरचा हात काढला, आणि नेमका तेव्हा मशीनवरचा दिवा लागला. सासूबाईंनी बटण दाबलं होतं. ती थांबून राहिली. तिने एकही सूर दिला नव्हता, तरी दिवा पुन्हा लागला.

तिने हळूच एक हेडफोन उचलला. “आई, आत्ता काय ऐकू आलं?”

“तेच आपलं. टिंग.”

माझंच काहीतरी चुकलंय, हे आधी मनात आलं. तिने वायर तपासली. मग हेडफोन उलटे घातले, लाल डावीकडे, निळा उजवीकडे. दोष हेडफोनचा असता तर आता डाव्या कानाला ऐकू आलं नसतं. डाव्याने सगळं ऐकलं. उजवा पुन्हा त्याच सुरांना गप्प राहिला. तिने कधी घाईने सूर दिले, कधी मुद्दाम ताटकळत ठेवलं. नोंद तीच.

मग एकेक आठवत गेलं. आताशा फोन डाव्या कानाला लावणं. छोटी उजव्या कानात गुपित सांगायला गेली की, “तो कान झोपलाय गं,” म्हणणं, आणि त्यावर सगळ्यांचं हसणं. तीसुद्धा हसली होती. कान तपासून घ्यायला आलेल्या माणसाला आपला हात दिसता कामा नये, हे दवाखान्यात ती कधी विसरत नसे. घरी टेबल एवढंसं, समोरासमोर बसायचं, आणि सासूवर कोण संशय घेणार?

तिने हेडफोन काढून घेतले.

“किती मार्क पडले मला?” सासूबाईंनी विचारलं.

“तुम्ही माझं बोट बघून बटण दाबत होतात.”

सासूबाई छोटीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

“तू रडकुंडीला आलेली असायचीस. म्हटलं, पोरीचा हुरूप कशाला घालवायचा.”

“उजव्या कानाला बारीक आवाज येत नाहीत तुम्हाला.”

“मशीन जुनं आहे,” त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “नाहीतर तुझंच काही चुकलं असेल. अजून शिकतेच आहेस ना तू.”

आवाजात टोमणा नव्हता. आशा होती. कालपर्यंत तिने लगेच मान्य केलं असतं. दोघींनाही ते सोयीचं होतं. तिने कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले आणि पेनाने ते ठळक केले.

“नाही, आई. चुकलं नाही.”

पंखा लावायचंही राहिलं होतं. घामेजल्या बोटांनी तिने फोन उघडला आणि उभ्याउभ्याच काहीतरी भरत राहिली.

“कुणाला कळवतेयस?” सासूबाईंनी घाईने विचारलं.

“कुणाला नाही. परीक्षेला नाव देतेय.” तिने शेवटचं बटण दाबलं. “उद्या दवाखान्यात चला माझ्याबरोबर. तिथल्या बंद खोलीत पुन्हा एकदा तपासू, मग डॉक्टरांना दाखवू.”

“तिथे तपासणार कोण? तुझ्या मॅडम?”

“मीच.”

छोटीने झोपेत पाय झाडला. सासूबाईंनी तो अलगद धरून ठेवला. त्या म्हणाल्या,

“मग मला नीट बसव. तुझं बोट दिसणार नाही अशी.”